पहिली आलेली नाव

२३ मार्च, रावेर
आधी कालची चूक दुरुस्त करते. नाव एकट्याने चालवायची, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. शर्यतीची ही नाव दोघांची आहे: एक सुकाणूवर, दुसरा शिडाच्या दोरीपाशी. घाईत दुसरी बैठक दिसलीच नाही. बाबा असते तर पुन्हा तपासायला लावलं असतं. पिंप्राळ्याच्या घरात रंधा धरायला त्यांनीच शिकवलं.

बाकी सगळं छान. कुंदनभाऊंनी केळी पॅकिंगची रिकामी शेड दिली आहे. त्यांचे वडील, नवल आबा, मुंबईत नोकरीला असताना याच नावेने शर्यती जिंकायचे. मग ट्रकवर टाकून तिला इथे आणलं. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदनभाऊ आणि त्यांची मुलगी मोनाली ती धरणात उतरवणार. मोनाली बारा वर्षांची. चहा घेऊन येते आणि मला नावेची डॉक्टरीण म्हणते.

२८ मार्च
फळ्यांचे सांधे कापसाने भरले, वरून पुट्टी. आज पाहते तर सगळा कापूस बाहेर. फळ्या फुगल्यात. पाण्यात उतरवण्याआधी ओली पोती टाकून नाव फुगवतात, पण मी पोती टाकलेलीच नाहीत. बाहेर उन्हाने केळीची पानं करपतायत आणि ही आतून ओली! कुंदनभाऊ हसले. म्हणाले, दिपाताई, हे कपाट नाही. इतका संताप आला. पुन्हा भरले.

३ एप्रिल
पुन्हा बाहेर.

शिडावरच्या आकड्यावरून मुंबईच्या एका म्हाताऱ्या खलाशाला फोनवर गाठलं. त्याला नाव लगेच आठवली. आबांच्या आधीचा मालक शर्यतीतच नाहीसा झाला होता. नाव मात्र पहिली आली. शीड ताणलेलं, आत कोणी नाही.

कुंदनभाऊंना आबांबद्दल विचारलं. ते तापीत गेले, अंग सापडलं नाही, एवढंच म्हणाले. नाव एकटीच काठाला लागली होती.

७ एप्रिल
आबांच्या पत्नी सुगंधा आक्का साक्रीकडच्या. कपाळावर अजून ठसठशीत कुंकू. आखाजीला प्रत्येक घरात वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आबांची कधीच भरली नाही. मी भीत भीत म्हटलं, यंदा भरू या. आक्का कडाडल्या: मना मालक जित्ता शे! मोठी आली घागर भरणारी!

मग ज्याला घागर नाही, तो पाणी कुठून घेतो?

११ एप्रिल
नावेत गाळ. पुसला. परत आला. तापीचा वास.
सुकाणूच्या दांड्यावर ओला पंजा उमटलाय. रंधा मारला, लाकूड पांढरं झालं. पंजा तिथेच. मोठ्या माणसाचा.

१४ एप्रिल
मोनालीने शिडाच्या गाठी मारून दाखवल्या. मी शिकवलेल्या नाहीत. कुंदनभाऊंना येत नाहीत. म्हणाली, आजोबा शिकवतात. सुकाणू ते धरणार, दोरी मी. पप्पांना आम्ही नेणारच नाही.
कुंदनभाऊंना सगळं सांगितलं. खलाशाचंही. ते चिडले. म्हणाले, पोरीच्या डोक्यात काही भरवू नका, काम उरका.

१६ एप्रिल
मीच घागर आणली, आबांचं नाव घेऊन भरली, नावेपाशी ठेवली. ती फुटली. जमीन कोरडी. नावेत पाणी घोट्यापर्यंत — तळाला एक थेंब गळत नाही.
सांधे आता आपोआप बंद होतायत. नाव तयार आहे. मी नाही केली.

गिऱ्हाइकाच्या लाकडाला इजा करायची नाही, ही बाबांची पहिली शिकवण. तरी कापणार. कणा, तळाचं मुख्य लाकूड, तोच. शनिवारी, सगळे आखाजीच्या बाजाराला गेले की —

१७ एप्रिल
कुंदनभाऊंनी बेत बदलला. उद्या सकाळीच धरणावर. आधी एक फेरी, मोनालीला घेऊन. ट्रॅक्टर सांगितलाय.
त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, आराम करा.
म्हणजे शनिवारच्या बाजारापर्यंत थांबता येणार नाही.
आजच. शुक्रवार, सतरा एप्रिल. मोनाली शाळेतून यायच्या आत मी कणा —