कडुलिंबाखालची रानहळद

२१ जून २०२४
माझ्या नावाचं पार्सल! पुण्याहून, माहेनूरचं. दोन वर्षांत लेकीनं पाठवलेली पहिली वस्तू — आणि उघडलं तर मातीनं माखलेले तीन कंद. रोपवाटिकेत नोकरी करणारी पोरगी दुसरं काय पाठवणार म्हणा! सोबत चिठ्ठी: "अम्मी, ही रानहळद, खायची नव्हे, फुलाची. आपल्याकडच्याच डोंगरातली. सावलीत लाव, पाणी बेतानं. दरवर्षी आपोआप उगवते. फूल आलं की कळव, बघायला येईन."

फूल बघायला येणार. आईला नाही! ठीक आहे. मीही बोलावणार नव्हतेच.

२२ जून
न्हाणीमागे कडुलिंबाखाली लावले. शेजारच्या द्वारकाबाई कुंपणावरून बघत होत्या. "काय बाई, तीस वर्सं पोरं शिकवली, आता हळद लावून राहिल्या व्हय? अन् तीबी सावलीत? काहून?"

आमच्या कुरुंद्यात ज्याच्या त्याच्या शेतात हळद, माझंच हसू होणार. म्हटलं, अशीच लावली. खरं सांगितलं असतं तर माहेनूरचं नाव घ्यावं लागलं असतं.

१४ ऑगस्ट
पानं हातभर. फूल नाही. पहिल्या वर्षी येत नसेल.

३० नोव्हेंबर
पानं वाळून गळून गेली. वर काहीच उरलं नाही. मेली का, ते माहेनूरला विचारावं म्हणून फोन हातात घेतला. ठेवला.

बाळापूरच्या स्थळाला मी जबान देऊन बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी ही म्हणाली — नाही करायचं. तेव्हा मी म्हणाले, या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. बोलले, कबूल. पण जन्मात माझा एक शब्द न ऐकणारी पोर, तिनं नेमका हाच ऐकावा!

९ मे २०२५
मोतीबिंदूचं ऑपरेशन. महिनाभर परभणीला भावाकडे. किल्ली द्वारकाबाईंकडे दिली. लिंबाखालच्या वाफ्याकडे लक्ष ठेवा म्हटलं. "काळजीच करू नका," म्हणाल्या.

१९ जून
कोंब! मोजले — अकरा! तीन कंदांचे अकरा! वाफा भुसभुशीत, वर शेणखत. द्वारकाबाईंनी किती केलं माझ्यासाठी. डोळाही स्वच्छ झाला आहे, एकेक कोंब नीट दिसतो.

२७ जुलै
पानं कमरेला लागतात. शेणखताची करामत! रोज सकाळी पानं बाजूला सारून आत बघते. वर गुलाबी, खाली पिवळं असं फूल असतं म्हणे.

माहेनूरची खोली झाडली. गाद्या उन्हात टाकल्या. पावसाळ्यात गाद्या उन्हात! बरं तर बरं, कुणी पाहिलं नाही.

२४ ऑगस्ट
द्वारकाबाई आल्या. वाफ्यापाशी उभ्या राहून खूश. "बघा, कशी आली सेलम हळद!"

मी म्हटलं, सेलम कुठली?

"तुमची खराब व्हती बाई. एक गड्डा फोडून पाहिला, आत रंगच न्हाई. कोण्या मेल्यानं फसवलं तुमाला! म्या सगळी उपटून उकिरड्यावर टाकली. माझं शेतातल्या सेलमचं बेणं उरलं व्हतं, तेच लावलं. बोलले न्हाई — म्हटलं, तुमाला वाईट वाटंल."

मग सगळं सांगितलं — चिठ्ठी, फूल, बाळापूर, दार. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी.

त्या तशाच उकिरड्याकडे धावल्या. काय सापडणार? तो तर पेरणीआधीच शेतात पसरला. परत आल्या त्या रडतच. "अवं, मला एका शब्दानं सांगायचं व्हतं की!" उलट मीच त्यांना पाणी दिलं. रागवायचं कुणावर? खरंच एका शब्दाचं काम होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. फार वाईट वाटतंय.

२५ ऑगस्ट
सकाळी सातला फोन लावला. पहिलाच प्रश्न — "अम्मी! फूल आलं?"

म्हटलं, नाही आलं. येणारही नाही. तू ये.