दोन खुंट्यांमधलं अंतर

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. वरिष्ठांना दिलेल्या खुलाशातही हेच आहे.

१. तुझ्या परसात जमिनीला भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मी एकेक लोखंडी खुंटी ठोकली. तू दर रविवारी त्यांच्यामधलं अंतर मोजून कळवतेस.
२. वर्षभर ते १४० सें.मी.च्या आसपास होतं. २२ फेब्रुवारीला तू १४२ कळवलंस.
३. डोंगर सरकू लागला असं समजून आमच्या कार्यालयाने तुमची गल्ली रिकामी करायला सांगितली. अकरापैकी नऊ घरं शाळेत जाऊन राहिली.
४. दोन दिवसांत काहीही झालं नाही.
५. नंतर कळलं, तू शिवणकामाची जुनी फीत टाकून नवी घेतली होतीस. जुनी वापरून ताणली गेली होती, म्हणून कमी दाखवायची. अंतर आधीपासूनच १४२ होतं.

चूक माझी. फीत तीच आहे का, हे मी विचारायला हवं होतं. खुलाशात ‘मोजणारी व्यक्ती: स्थानिक शिंपीण’ एवढंच लिहिलं आहे. नातं लिहिलेलं नाही. मोजणं थांबवू नकोस, फक्त नव्याच फितीने मोज.

प्रकृती जप. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी
भाची


५ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी पत्रं वाचताना दवाखान्याचा अहवाल हातात आल्यासारखं वाटतं, पण अक्षर पाहून बरं वाटतं. जेवतेस ना वेळेवर? की तेही क्रमांक घालून?

इकडे गंमतच चालली आहे. कोपऱ्यावरचा न्हावी मला रोज विचारतो, की आज डोंगर किती वाजता येणार, म्हणजे तो दुकान तसं उघडेल. हसतात बिचारे, हसू देत. दोन दिवसांची कामं बुडाली त्यांची. शेजारीण मात्र हसतही नाही. तिची सून बाळंत होऊन दहा दिवस झाले होते, तिला शाळेच्या फरशीवर झोपावं लागलं. तिच्या-माझ्या मधल्या भिंतीवरून वाट्या यायच्या-जायच्या, ते बंद झालं. शिवायलाही कोणी फारसं टाकत नाही. मशीन चालू असली की घरात दुसरं कोणी आहे असं वाटतं, एवढंच.

तुझे पाच रविवार: १४२.०, १४२.०, १४२.०, १४२.०, १४२.०. डोंगर जागच्या जागी आहे. तू नोकरी सांभाळ.

लोभ आहेच, तो मोजायला जाऊ नकोस.

तुझी
आत्या


९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

फोन केला होता. तू सगळं ठीक आहे म्हणालीस आणि ठेवलास. म्हणून लिहिते.

आमच्या यंत्राने एकच अंतर पाच वेळा मोजलं तरी शेवटचा आकडा हलतो. तुझी तर कापडी फीत आहे. कधी ती ओढली जाते, कधी सैल पडते, कधी तूच चष्मा विसरतेस. गेल्या वर्षभरातल्या तुझ्या एकाही महिन्यात सलग दोन आकडे सारखे नाहीत. आता पाच सारखे आहेत. एक तर तू मोजलं नाहीस, किंवा मोजलंस आणि वेगळं लिहिलंस.

मी रागावलेली नाही. खरं काय ते कळव.

तुझी
भाची


१३ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पकडलंस. लहानपणी बरणीतल्या खडीसाखरेचे खडे मोजून ठेवायचीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मोजलं गं, दर रविवारी मोजलं. खडूने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे: १४२.३, १४२.२, १४२.६, १४३.१, १४३.९. काल १४४.९. मागच्या खोलीचं दार आता उंबऱ्याला घासतं.

माझ्या फितीमुळे तुला खुलासा द्यावा लागला. पुन्हा इशारा निघाला आणि पुन्हा काही झालं नाही, तर तुला कोण ठेवून घेईल? आणि खरं सांगू का, इशारा निघाला तरी या खेपेला कोणी हलणार नाही. न्हावी तर म्हणाला, की आता डोंगर दारात येऊन उभा राहिला तरी आधी ओळखपत्र मागेन. मग शाळेच्या त्या मोठ्या वर्गात गेल्या वेळेसारखीच मी एका बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, पण आता एकटी. त्यापेक्षा घरात एकटी बरी. इथे निदान भिंती ओळखीच्या आहेत.

रागावू नकोस.

तुझी
आत्या


१६ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र टपालाने नाही. आमची दोन माणसं उद्या यंत्र घेऊन येत आहेत, ती तुझ्या हातात देतील. चहा दे, पण आकडे कपाटावरचेच दे.

पहिल्या आठवड्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक होता, तो फितीचाही असू शकतो. गेल्या आठवड्यात दहा. फीत तीच आहे, डोंगर तो नाही. मागच्या खोलीत झोपू नकोस. दार घासतं आहे ते मोडून काढू नकोस, बंदच ठेव.

आज वरिष्ठांना आकडे दिले आणि खुलासा दुरुस्त करून दिला. ‘मोजणारी व्यक्ती: माझी आत्या’. त्यांनी वाचलं आणि विचारलं, की ती अजून तिथेच कशी राहते. गेल्या खेपेला मी इशारा लिहिला आणि इथे टेबलाशी बसून राहिले. तू बाकावर होतीस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

मंगळवारी २१ तारखेला इशारा घेऊन मी येते. अकरा दारांशी मी स्वतः जाणार आहे. न्हाव्यासाठी ओळखपत्र घेतलं आहे. शेजारणीकडे आधी जाईन आणि आधी तिची माफी मागेन. कोणी आलं नाही तर त्या वर्गात आपण दोघी बसू. काही झालं नाही तर दोघींना हसतील.

नंतर माझ्याकडे चल. खोलीत एक खाट आणि एक खुर्ची होती, काल दुसरी खाट आणली. मशीन खिडकीशी मावते, मी मोजून पाहिलं. तुला नको असेल तर तसं लिही, मी वाद घालणार नाही.

रविवारचं माप चुकलं तरी चालेल, खरं लिही. ते, आणि येतेस की नाही, सोमवारी २० तारखेला आमची माणसं परत निघण्याआधी त्यांच्या हाती दे.

तुझी
भाची