पितळेची तोटी

वडगाव, बेळगाव
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सुवर्णास, थोरल्या भावाचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझा आवाजसुद्धा ऐकायचा न्हाय, म्हणून लिहितोय. काल आमच्या ऋतिकेला बघायला निपाणीची माणसं आलती. मुलाचे काका मारुतीराव सहज म्हणाले, बी.एस्सी.ला काय शिकवतात? झालं! पोरगी तुझ्या शाळेतनं आणलेली ती काचेची नळी घेऊन आली. म्हणे, आत हवा नसली की रेशमाचा झुबका आणि मागाचा नट एकदमच खाली पडतात. नळी उलटी केली. नट खाडकन पडला आणि झुबका आपला सावकाश मागनं! माणसं पोट धरून हसली. मारुतीराव म्हणाले, पोरगी शिकलीय खरी, पण खोटं रेटून बोलती. माझं तोंड कुठं लपवू?

आणि मी काय कमी केलतं? पावणे यायच्या आधी नळी लख्ख पुसली. पितळेची तोटी घट्ट बसलेली, तिला मागाचं तेल दिलं, फिरवून मोकळी केली. सुस्स करून कशी झकास सैल झाली! परत आवळून ठेवली. एवढं करून तुझ्या नळीनं नाक कापलं.

आता कॉलेज बंद. बसंल मागावर. तू पोरगी बिघडवलीस, माझ्या घरची पायरी चढू नको.

लोभ असावा म्हणायचं ते राग उतरल्यावर बघू.
अण्णा

टिळकवाडी
१५ जानेवारी

ती. अण्णास, सुवर्णाचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिलाय. पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. अरे, ते सुस्स काय होतं? पंप लावून मी नळीतली हवा काढून दिली होती, ती तू आपल्या हातानं परत आत सोडलीस! हवा अडवते म्हणून झुबका मागं राहतो. हवाच नसेल तर त्याला अडवणार कोण? तुझ्या मागाला कुणी न विचारता हात लावला, तर केवढं आकांडतांडव करतोस! लहानपणी माझ्या पाठीनं तो प्रसाद खाल्लाय.

आणि हेही ऐक. झुबका मागं राहिला तेव्हा ऋतिकेनं तोटी चाचपली. बोटांना तेल लागलं आणि ती काय ते समजली. चार माणसांत बापाचं हसं नको म्हणून गप्प बसली. काल माझ्याकडं येऊन रडली. तिला तू मागावर बसवणार? लाज वाटू दे जरा!

माया आहे म्हणून एवढं बोलले.
सुवर्णा

वडगाव
२० जानेवारी

चि. सौ. सुवर्णास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासनं घास गोड लागंना. ऋतिकेला विचारलं, तवाच का बोलली न्हाईस? तर म्हणाली, आप्पा, तुम्ही किती हौसेनं तेल दिलं होतं. लई राग आला गं, माझा मलाच! आज तिला कॉलेजात मीच सोडून आलो.

मग मारुतीरावांना फोन लावला. म्हटलं, तोटी मी उघडलती, पोरगी खरं बोलत होती. तर हसून म्हणतात, नळीचं सोडा हो, पोरगी पसंत हाय, तारीख काढा. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, पोरीला खोटारडी म्हणालासा, ते आधी माघारी घ्या. त्यावर म्हणाले, पोरीच्या जातीला एवढा मान कशाला? तवा सांगून टाकलं, नळी बघायला कवाबी या, पोरगी दाखवायची न्हाय.

पायरीचं बोललो ते विसर. रविवारी पंप घेऊन ये. तोटीला मी हात लावणार न्हाय.

तुझाच,
अण्णा