बघायला जाताना घातलेला ढगळ शर्ट

मिरज, रविवार संध्याकाळ

शर्ट अजून अंगावरच आहे. खांद्याची शिवण दंडावर लोंबतेय. मोबाईलवर फॅशनचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका शहाण्यानं सांगितलं होतं, किडकिडीत अंगाला कोरियन पद्धतीचे ढगळ कपडे घाला, भरल्यासारखे दिसाल. म्हणून आज शिराळ्याला मुलगी बघायला हाच घालून गेलो. दिसलो कसला भरल्यासारखा!

पोहे खाताना मुलीच्या मामांनी ती शिवणच चिमटीत धरली. "आजारी हुता काय? कापडं लय सैल झाल्यात."

आई घाईनं म्हणाली, "आवं, फॅशन हाय ती."

"व्हय व्हय. मिरजेत ऱ्हाताय, दवाखानं जवळच हायती म्हणा."

मी पोहे चिवडत बसलो.

निघताना चपला घालत होतो, तर मुलगी दारात येऊन हळूच म्हणाली, "शर्ट भारी आहे. कोरियन ना?" परतीचा सगळा रस्ता मी तेवढ्यावर खूश. मूर्ख.

घरी पोचतोय तोच मध्यस्थांचा फोन. पोराची तब्येत बरी वाटत नाही, नको म्हणतात.

मी विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

"तिला काय इचारायचं त्यात?"

त्यांच्या अख्ख्या घरात हा शर्ट कळलेली ती एकटीच होती.