धाकटीचे खरे निघाले

मी, वेधशाळेतून निवृत्त झालेली अविवाहित खगोलशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचे नाही. मत्सर आहे, पण वकीलबाई म्हणाल्या, "मत्सराने मृत्युपत्र बाद होत नाही." यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात धाकट्या बहिणीला काहीच नव्हते.

१. राहते घर धाकटीच्या मुलीला द्यावे. भाची आईवर गेलेली नाही, एवढे कारण पुरे.

२. बँकेतील ठेवी वेधशाळेतील विद्यार्थ्यांसाठी. त्यातून धाकटीच्या नावाचे पारितोषिक काढू नये.

३. माझी सर्व निरीक्षणे धाकटीला. याचे कारण लिहिणे भाग आहे. हजारो तारे एकत्र जन्मतात तो भारी तारकागुच्छ कसा बनतो, यावर मी आयुष्य घालवले. माझे म्हणणे असे, की थंड वायूचा मेघ आधी पुरता गोळा होतो, गच्च दाटतो, मगच आत तारे पेटतात. तर मग एकही तारा नसलेला तसा गच्च मेघ कुठेतरी सापडायलाच हवा. मी शोधत राहिले. धाकटीला बोट धरून वेधशाळेत मीच आणले, आणि एके दिवशी चहा पिता पिता तीच म्हणाली, "ताई, तसा मेघ नसतोच गं. बाहेरून वायू येत राहतो आणि आत तारे जन्मत राहतात. दोन्ही एकदमच."

"पुरावा आण," मी म्हणाले.

आणला. एका मेघाच्या काठाकडून मध्याकडे वाहत येणारा वायू तिने रेडिओ दुर्बिणीने मोजला. मध्यात कोवळे तारे होतेच. परिषदेत तिने हे मांडले, तेव्हा सभागृह उभे राहिले. टाळ्या मीही वाजवल्या, पण अंगाचा तिळपापड झाला होता. नंतर घरी येऊन म्हणते, "शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं घालू का?"

"भीक नको, कुत्रं आवर!"

हसली मेली. अगदी आईसारखी.

तिने माझी निरीक्षणे पुन्हा तपासावीत. एखादा मेघ माझ्या नजरेतून निसटला असेल, तर तो तिलाच सापडावा. दुसऱ्या कोणाला सापडलेला मला सोसणार नाही.

४. शोकसभेत धाकटीने बोलावे. "ताईचं चुकलं," असे स्वच्छ म्हणावे. मात्र रडू नये. ती रडली की लहानपणापासून सगळे घर तिच्याभोवती गोळा होते. त्या दिवशी तरी लोकांनी माझ्याकडे बघावे.

साक्षीदार: वकीलबाई आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. मी त्यांच्यासमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर.

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे. उद्या धाकटीचा वाढदिवस. उद्या सगळे तिच्याकडे जेवायला, सहीला कोणी मोकळे सापडले नसते.