परसातला डेक

बपेरा, ता. तुमसर
८ जून २०२५

चि. सुगत,
सप्रेम जयभीम आणि आईचा आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुण्यात पाऊस लागला का? इथे अजून अंग भाजतंय. फोनवर तुझे बाबा शेजारीच उभे असतात, म्हणून पत्र लिहिते आहे.

तू परसातल्या डेकचा, त्या फळ्यांच्या ओट्याचा, फोटो मागत असतोस आणि बाबा टाळतात. डेक केव्हाच झाला. मागच्या पावसात मी नळाजवळच्या चिखलात घसरले, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर लोखंडी सांगाडा, वर तू पसंत केलेल्या चॉकलेटी फळ्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवतात म्हणे. वाळवी लागत नाही, पंचवीस वर्षं काही होत नाही. पाणी निथळायला ठेवलेल्या फटीत माझी काठी अडकू नये, म्हणून प्रत्येक फट त्यांनी काठी घालून पाहिली. लग्नात माझ्याकडेही या माणसाने एवढं निरखून पाहिलं नव्हतं!

काम संपलं ती मे महिन्यातली दुपार होती. मी चपला दाराशी काढल्या. घराचाच भाग तो, त्यावर चपला घालून कोण जाईल? ते चहा करायला आत गेले आणि मी पेरूच्या झाडाकडे बघत उभी राहिले. बरं वाटत होतं रे.

कप घेऊन आले, एक पाय टेकवला आणि ओरडत मागे सरले.

"अवं, तुले चटके नाही लागून राहिले?"

मी म्हटलं, "नाही जी. काहून?"

साखरेने माझे पाय कधीचे बधिर झालेत, तुला ठाऊक आहे. दोन्ही तळवे भाजले होते. डावा भरला. उजवा काळा पडला. बुधवारी भंडाऱ्याला गुडघ्याखाली कापणार आहेत. माझं हृदय तेवढं सोसेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. मीही विचारलं नाही.

बाबांनी पहार घेऊन डेक उखडायला काढला होता. एकही फळी हलली नाही, इतकी पक्की बसवलीय. आता रोज भर दुपारी तिथे अनवाणी जाऊन उभे राहतात. मी खाटेवरून हाका मारते, शिव्या देते, रडते. ऐकत नाहीत.

गडद रंग उन्हात जास्त तापतो म्हणे, पण रंगाचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यासाठी धावपळही नको, पत्र पोचेपर्यंत बुधवार होऊन गेलेला असेल. पण ये. दाराशी माझ्या चपलांजवळ त्यांच्याही पडल्या आहेत. तेवढ्या त्यांच्या पायात घाल.

आजपुरती दोन पायांची,
तुझी आई
सत्यभामा