पडद्याअलीकडे ऐकलेला आवाज

हाशमभाई, सलाम.

आज शाळेच्या सभेत आम्ही बायका पडद्याअलीकडे बसलो होतो. दिसत काही नव्हतं, फक्त स्पीकर ऐकू येत होता. नोकऱ्या सौदींनाच द्यायच्या या सौदीकरणात अर्ध्या टीचर गेल्या, सगळे वर्ग एका वेळी चालणार नाहीत, इथवर ठीक होतं. मग तू बोललास. "ज्यांची फी कंपनी भरते त्यांची मुलं सकाळी ठेवू. बाकीची दुपारच्या उन्हात आली तर काय बिघडलं?"

तू, भाई?

आपल्या शाळेत मत फक्त बापाला. म्हणून तू कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिलास तेव्हा मी ड्रायव्हर-टेलरांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या बायकांना पटवलं, "नवऱ्याला सांगा, माझा भाऊ तुमच्या पोरांसाठी भांडेल."

तुझी लेक अरवा सकाळीच जाईल. माझी उमामासुद्धा, तिच्या बापाची कंपनी मोठी ना!

शेजारी शारीक टेलरची बायको होती. तिने माझं मनगट धरलं. "कोण गं हा असं बोलणारा?"

मी म्हटलं, "कोण जाणे. आवाज ओळखीचा नाही."

हे पत्र तुला देणार नाही. शुक्रवारी तू नेहमीसारखा जेवायला येशील, पण ताट तुझं तूच वाढून घे.

हफीजा